‘दूध पुरत नाही’ असं ठरवण्याआधी: इंदूरच्या मराठी घरांसाठी अंगावर पाजण्याची कामाची माहिती

बाळंतिणीच्या खोलीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दूध पुरत नाहीये, वरचं सुरू करा." कधी आजी म्हणतात, कधी शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई, कधी मालिशीला येणारी जापेवाली बाई. बहुतेक वेळा दूध पुरत असतं. खरंच कमी पडत असेल तर कारण बहुधा बाळाची पकड किंवा दोन पाजण्यांमधलं लांबलेलं अंतर हे असतं, आणि या दोन्ही गोष्टी सुधारता येतात. वरचं दूध सुरू केलं की मात्र बाळ पोटभर झोपतं, छाती कमी ओढतं, आणि मग दूध खरोखरच घटतं. आठवड्याभराने सगळे म्हणतात, "बघ, म्हटलं नव्हतं?"

दूध तयार होण्याचा हिशोब सरळ आहे. जेवढं बाहेर निघतं तेवढं नवं तयार होतं. छाती भरलेली राहिली तर शरीर उत्पादन आवरतं, रिकामी होत गेली तर वाढवतं. बाळ ओढतं तेव्हा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध तयार करायला लावतं आणि ऑक्सिटोसिन पान्हा सोडतं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे "रात्री बाळाला आमच्याकडे द्या, आम्ही बाटली देतो, तू झोप" ही घरच्यांची माया दुधाच्या मुळावर येते. आणि ऑक्सिटोसिन काळजीने, दुखण्याने, टोमण्यांनी अडतं. "तुला येतच नाही दूध" असं दिवसातून चारदा ऐकणाऱ्या बाईचा पान्हा उशिराच फुटणार.

पहिला तास आणि चीक

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की बाळ जन्मल्यापासून तासाभरात छातीला लागावं, पहिले ६ महिने फक्त आईचं दूध मिळावं आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर ते २ वर्षं किंवा अधिक चालू राहावं. यातला पहिला तास सर्वांत जास्त हुकतो, कारण त्या वेळी बाळ एकीकडे, आई दुसरीकडे आणि नातेवाईक फोनवर असतात. म्हणून नाव नोंदवतानाच, मग ते एमवायचं सरकारी रुग्णालय असो की कॉलनीतलं नर्सिंग होम, डॉक्टरांशी आणि नर्सशी बोलून ठेवा. बोलणं हिंदीतच होणार, तर हिंदीत स्पष्ट सांगा: "बच्चे को पोंछकर सीधे माँ की छाती पर रखिए, और हमसे पूछे बिना ऊपर का दूध मत दीजिए." बाळंतपणाच्या वेळी सोबत असणाऱ्या व्यक्तीलाही हे वाक्य पाठ हवं, कळा सोसणारी बाई ते सांगू शकणार नाही.

बाळ पुसून, उघडं, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं आणि वरून दोघांना मिळून पांघरूण घालायचं. बाळाला ओढून लावायची घाई नको. बहुतेक बाळं तासाभरात चाटू लागतात, तोंड हलवतात आणि स्वतःच शोधतात. सिझेरियन झालं असेल आणि भूल पाठीतली असेल तर आई शुद्धीवर असते. तिला आडवी ठेवूनच बाळ लावता येतं, फक्त बाळ धरायला एक माणूस लागतो. सिझेरियननंतर छाती भरून यायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. तेवढ्यावरून पावडरच्या दुधाचा डबा उघडू नका.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, पिवळसर आणि दाट. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिली घेतं, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. म्हणजे सुरुवातीला चहाचा एखाद-दुसरा चमचा. त्याचं पोटही तेवढ्याच बेताचं असतं. चीक पिळून पाहणाऱ्याला दोन थेंब दिसतात आणि तो घाबरतो, पण बाळाला हवे तेवढेच आहेत ते. गाईचा चीक मिळाला तर आपण वेलची घालून खरवस करतो, शेजारी वाटतो. त्याच घरात बाळंतिणीचा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकायचा, याला काय म्हणावं? रोगांशी लढणारी प्रतिपिंडं त्यातच सर्वांत जास्त असतात, आणि तो रेचक असल्याने बाळाची पहिली काळी शी लवकर बाहेर पडते.

मध, गूळपाणी आणि बाळगुटी यांना पहिल्या सहा महिन्यांत जागा नाही. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात; मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजून त्याचे स्नायू लुळे पाडू शकतात. म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नाही. सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची हौस असेल तर अंगठी कपाळाला टेकवा. रीतही होते आणि कोणी दुखावतही नाही. बाळगुटीत अडचण दुहेरी आहे. सहाण, पाणी, बोट यांतून जंतू जातात, आणि जायफळाने बाळ गुंगतं. गुंगलेलं बाळ शांत दिसतं, सगळे खूश होतात, आणि त्याची दोन पाजणी बुडतात. ग्राइप वॉटरचीही गरज नाही.

पकड

इथे वेळ घालवा. फुटलेली बोंडं, छातीत गाठी, वजन न वाढणं, तासन्‌तास छातीला चिकटलेलं तरी उपाशी बाळ, या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आधी आईने आरामात बसायचं. पाठीला टेकू, मांडीवर उशी, पाय अधांतरी नकोत. दिवाणावर बसत असाल तर पायाखाली पाट घ्या. बाळ छातीच्या उंचीवर आणायचं, आईने बाळावर वाकायचं नाही. मग:

१. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान वळवून कोणालाच नीट गिळता येत नाही.

२. हात बाळाच्या मानेच्या आणि खांद्यांच्या मागे असावा. डोकं मागून ढकलू नका, बाळ उलट मागे रेटतं.

३. दुसऱ्या हाताने छाती खालून धरा, अंगठा वर आणि चार बोटं खाली, बोंडाभोवतीच्या काळ्या भागापासून दूर. दोन बोटांच्या कात्रीत धरली तर बोटंच बाळाच्या तोंडात आडवी येतात.

४. बाळाचं नाक बोंडासमोर आणा आणि बोंड वरच्या ओठावर हलकं फिरवा. तोंड जांभईएवढं मोठं उघडेपर्यंत थांबा. अर्धवट उघड्या तोंडात घुसवलं की पकड बिघडलीच.

५. तोंड मोठं उघडलं की बाळाला झटकन जवळ ओढा, हनुवटी आधी टेकेल अशा बेताने.

बरोबर लागलंय हे चार गोष्टींवरून कळतं: तोंड मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर दुमडलेला, हनुवटी छातीत रुतलेली, आणि काळा भाग खालून कमी व वरून जास्त दिसणारा. बाळ आधी भरभर ओढतं, मग पान्हा आला की चाल संथ होते: ओढणं, क्षणभर थांबणं, गिळणं. गिळल्याचा बारीक आवाज येतो. गाल आत ओढले जात असतील किंवा ‘टच्‌ टच्‌’ असा आवाज येत असेल तर बाळ फक्त बोंड चोखतंय. बाळाने छाती सोडल्यावर बोंड तिरकं, चपटं दिसत असेल तर तेही चुकीच्या पकडीचं लक्षण.

पहिल्या आठवड्यात सुरुवातीचे काही क्षण थोडं चुणचुणेल. पूर्ण वेळ दुखत असेल तर सहन करत बसू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. पाच वेळा करावं लागलं तरी चालेल.

सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचा भार नको म्हणून काखेतली पद्धत सोयीची: बाळ आईच्या बाजूला, पाय काखेखालून मागे, डोकं तळहातावर. छाती मोठी असेल किंवा जुळी असतील तेव्हाही हीच बरी. रात्री कुशीवर, बाळही कुशीवर, पोटाला पोट. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोपी जाणं धोक्याचं आहे, ते टाळा.

बोंडं सपाट किंवा आत ओढलेली असतील तरी पाजता येतं, कारण बाळ बोंड ओढत नाही, छातीचा भाग तोंडात घेतं. मदत म्हणून १० मिलीची नवी सिरिंज (मोठ्या बोंडाला २० मिलीची) मेडिकलमधून आणा. सुई बसते ते टोक धारदार पात्याने सरळ कापा, दांडा बाहेर काढून कापलेल्या बाजूने आत घाला. मूळची गुळगुळीत कड बोंडावर टेकवा आणि दांडा हळू ओढून अर्धा ते एक मिनिट धरा. हे पाजण्याआधी, दिवसातून काही वेळा करा. दुखलं तर ओढ कमी करा. कापलेली खरखरीत बाजू अंगाला लावू नका. ही चूक सर्रास होते आणि जखम करते.

किती वेळा, किती वेळ

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा, रात्र धरून. घड्याळापेक्षा बाळाकडे पाहा. चुळबुळ, ओठ चाटणं, मूठ तोंडाकडे नेणं, मान वळवून शोधणं या भुकेच्या खुणा आहेत. रडणं ही त्यातली शेवटची खूण, आणि रडणारं बाळ नीट लागत नाही. त्याला आधी छातीशी धरून शांत करावं लागतं. एक बाजू मऊ होईपर्यंत पाजा, मग दुसरी द्या. दहा-दहा मिनिटांची वाटणी करू नका, कारण पाजण्याच्या शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं आणि अर्ध्यावर बाजू बदलली की ते हुकतं.

पहिल्या दोन आठवड्यांत काही बाळं फार झोपाळू असतात. जन्माचं वजन परत येईपर्यंत दर अडीच-तीन तासांनी उठवा. दुपट्यात गच्च बांधून, टोपडं-मोजे घालून ठेवलेलं बाळ उठणारच नाही. कपडे सैल करा, लंगोट बदला, तळवे चोळा, छातीवर उघडं घ्या. तोंडावर पाणी शिंपडू नका.

रडणं नको, शू मोजा

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून, छातीच्या आकारावरून किंवा पिळून पाहून कळत नाही. आत गेलं ते बाहेर येतं, तेच मोजा. पहिल्या दिवशी किमान १ शू, दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी ३, आणि सहाव्या दिवसापासून रोज ६ किंवा जास्त, रंग फिका. शी पहिले दोन दिवस डांबरासारखी काळी, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी व पातळ. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल तर दूध आत जात नाहीये. त्याच दिवशी दाखवा. सुरुवातीला दिवसातून चार-सहा वेळा शी होणं म्हणजे जुलाब नव्हेत, आणि दीड महिन्यानंतर अंगावर पिणाऱ्या बाळाने दोन-चार दिवस शी केली नाही, पण झाली तेव्हा मऊ झाली, तर तो बद्धकोष्ठही नव्हे.

हिशोबासाठी पहिला पंधरवडा कापडी लंगोट वापरा. डायपरमध्ये किती शू झाली हे कळत नाही.

वजन पहिल्या दिवसांत उतरतंच. जन्मवजनाच्या १० टक्क्यांपर्यंत पोचलं तर मात्र पकड आणि पाजणं तातडीने तपासून घ्यावं. दहा ते चौदा दिवसांत ते मूळ आकड्यावर यायला हवं, आणि पुढचे तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. वजन एकाच काट्यावर, उघड्या अंगाने करा. दवाखान्यातून घरी आल्यावर आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणं अपेक्षित आहे. तिच्याजवळ काटा असतो. कॉलनीत राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांना ही सोय माहीतच नसते, किंवा ती आपल्यासाठी नाही असं वाटतं. अंगणवाडीत विचारा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला गेलात की वजन कार्डावर लिहून घ्या.

मग दूध कमी ‘वाटतं’ कशामुळे? संध्याकाळी बाळ किरकिर करतं आणि दर अर्ध्या तासाने मागतं. हे पहिल्या तीन महिन्यांत नेहमीचंच. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास भूक एकदम वाढते आणि दोन-तीन दिवस बाळ छाती सोडत नाही. अशा वेळी पाजत राहिलं की दूध वाढतं, बाटली दिली की वाढायचं थांबतं. महिन्या-दीड महिन्यात छाती मऊ पडते, कारण पुरवठा मागणीशी जुळलेला असतो. आणि पाजून झाल्यावर बाटली दिली तर बाळ तीही पितं. तोंडात आलेलं ओढणं हा त्याचा स्वभाव आहे, तो भुकेचा पुरावा नाही.

खरंच कमी दूध असण्याची वैद्यकीय कारणंही असतात: बाळंतपणात फार रक्त जाणं, वारेचा तुकडा आत राहणं, थायरॉइड, छातीची आधी झालेली शस्त्रक्रिया, काही जणींत पीसीओएस. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्याही दूध घटवतात. पकड नीट, वेळा पुरेशा, तरी वजन हलत नसेल तर यांचा शोध डॉक्टरांनी घ्यायचा असतो. अशा आईला बोल लावण्यात अर्थ नाही.

दूध वाढवायचं असेल तर तीन दिवस ठरवून द्या. घरकाम, पाहुणे, बारशाची तयारी दुसऱ्यांकडे. बाळ शक्य तितका वेळ उघड्या छातीवर, दर दोन तासांनी दोन्ही बाजू, बाळाचं ओढणं मंदावलं की छाती हाताने हलकी दाबून धरायची म्हणजे धार पुन्हा सुरू होते. पाजून झाल्यावर पाच-दहा मिनिटं हाताने दूध काढायचं आणि तेच वाटी-चमच्याने द्यायचं. आधीच वरचं दूध चालू असेल तर ते एकदम बंद करू नका; वजन आणि शू पाहत, डॉक्टरांना विचारून दर एक-दोन दिवसांनी थोडं थोडं कमी करा. बाटली मात्र त्याच दिवशी बाजूला ठेवा, कारण बाटलीचं निप्पल ओढायची रीत निराळी असते आणि बाळ गोंधळतं.

छाती दुखली तर

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दाटून दगडासारखी होते. काळा भागही कडक झाल्याने बाळाला तोंडात घेता येत नाही, आणि मग घरात निष्कर्ष निघतो की ‘बाळ घेत नाही’. पाजण्याआधी बोटांच्या टोकांनी बोंडाच्या भोवतीचा भाग मिनिटभर आत, छातीकडे दाबून धरा. सूज मागे सरते आणि भाग मऊ होतो. थोडं दूध हाताने काढा आणि लावा. पाजून झाल्यावर थंड पाण्याच्या घड्या १०-१५ मिनिटं. शेगडीचा शेक दाटलेल्या छातीला नको, सूज वाढते.

चिरा पडल्या तर पकड सुधारा, पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब बोंडावर पसरून वाळू द्या, आणि साबण, डेटॉल, हळद यांपैकी काहीही लावू नका.

छातीचा एक भाग लाल, गरम, दुखरा, सोबत ताप आणि अंग मोडून येणं, हा स्तनदाह. अशा वेळी सगळे म्हणतात "दूध खराब झालं, पाजू नको." उलट आहे. पाजणं थांबवलं तर दूध साचतं आणि पू होण्याची भीती वाढते. नेहमीइतकंच पाजत राहा, थंड शेक द्या, डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्या. गाठ जोराने चोळून फोडण्याचा प्रयत्न करू नका. मालिशवाल्या बाईचा अंगठा इथे घात करतो. चोवीस तासांत उतार नसेल तर डॉक्टर, आणि दिलेली प्रतिजैविकं पूर्ण.

बाळाच्या छातीत, मग तो मुलगा असो की मुलगी, पहिल्या आठवड्यांत छोटीशी गाठ आणि थेंबभर दूध दिसू शकतं. ते आईच्या संप्रेरकांमुळे असतं आणि आपोआप जातं. पिळलं तर मात्र पिकतं.

बाळंतिणीचं ताट

डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेपू, मेथी, खसखस, बाजरी हे सगळं खावं. सियागंज बाजारातून सामान आणून लाडू वळणारी आई-सासू बाळंतिणीला जी शांतता देते तीही कामाचीच. पण लाडवाने दूध थेट वाढतं असं समजू नका. दूध वाढतं ते ओढण्याने. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पाजणाऱ्या आईला पहिले ६ महिने रोज सुमारे ६०० किलोकॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त हवीत. नुसत्या तूप-गुळाच्या लाडवांनी कॅलरी भरतात, प्रथिनं मागे पडतात. म्हणून दोन्ही जेवणांत दाट वरण किंवा उसळ, दही किंवा ताक, चालत असेल तर अंडं.

इथे घराघरांत वाद होतो. डाळ वातूळ, दही थंड, संत्रं आंबट, कोबी गॅस करतो, असं करत ताटात शेवटी भात-तूप-मेतकूट उरतं. आईच्या पोटातला गॅस दुधात उतरत नाही. दह्याने बाळाला सर्दी होत नाही. इंदुरात राहून सव्वा महिना शेव आणि पोहे वर्ज्य करायचे तर तो जाच आहे. घरचे पोहे खुशाल खावेत, चिमूटभर शेवेसकट. एखाद्या पदार्थाने बाळाला दरवेळी पुरळ किंवा रक्तमिश्रित शी होत असेल तर तेवढ्यापुरतं डॉक्टरांना विचारा. पाणी तहानेप्रमाणे प्यावं. ‘ओली बाळंतीण’ म्हणून पाणी तोडणं चूक आहे, आणि जबरदस्तीने लिटरभर जास्त पिऊनही दूध वाढत नाही. लोह-फॉलिक अॅसिडची रोज १ आणि कॅल्शियमची ५०० मिग्रॅची रोज २, या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस सरकारी दवाखान्यातून मिळतात. दोन्ही एकत्र घेऊ नका, कॅल्शियम लोह शोषू देत नाही.

बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट. काही बाटल्यांत ४०० युनिट १ मिलीत असतात, काहींत अर्ध्या मिलीत; लेबल वाचूनच द्या.

मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की "बाळाचा घसा सुकतोय, चमचाभर पाणी द्या" सुरू होतं. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा, थोडं थोडं मागेल; द्या. पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं आणि जुलाबाची दारं उघडतात.

दूध काढून ठेवणं

हात साबणाने धुवा. अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी मागे छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. त्वचेवरून घासत नेऊ नका. मिनिटभर काहीच येणार नाही, मग थेंब, मग धार. बोटं घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवत सगळ्या बाजूंनी काढा.

झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या उकळलेल्या भांड्यात ठेवा, वर तारीख-वेळ लिहा. खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर ४ तास टिकतं. इंदूरच्या उन्हाळ्यात हा हिशोब धरू नका, लगेच फ्रिजमध्ये टाका. फ्रिजच्या दारात नको, मागच्या भागात ठेवा. सारखा उघडला जाणारा फ्रिज असेल तर २४ तासांत संपवा, नीट थंड राहणारा असेल तर ४ दिवसांपर्यंत. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा म्हणजे डीप फ्रीझर नव्हे, त्याच्या भरवशावर दूध जास्त दिवस ठेवू नका. दूध गरम करायचं तर भांडं कोमट पाण्यात बसवा. गॅसवर उकळू नका, मायक्रोवेव्ह नको. वर साय जमते, हलवली की मिसळते. बाळाने उष्टावलेलं उरलं तर २ तासांनंतर फेका.

द्यायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बाळ अर्धवट बसतं करून बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवा आणि त्याला ओढू द्या; घशात ओतू नका, ठसका लागतो.

नोकरी करणाऱ्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्याने मिळते, आणि कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी कामाच्या वेळात दोन जादा छोट्या सुट्या हक्काच्या आहेत. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही हवी. रजा संपायच्या दोन आठवडे आधी दूध काढायला आणि बाळाला वाटीची सवय लावायला सुरुवात करा, आदल्या दिवशी नको.

आणखी एक. पावडरच्या दुधाची जाहिरात करणं, आईला फुकट डबा किंवा भेटवस्तू देणं १९९२ च्या कायद्याने बंद आहे. दवाखान्यातून सुट्टी होताना पिशवीत कोणी नमुना घातला तर तो परत करा. वैद्यकीय कारणाने पावडर द्यावीच लागली तर डब्यावरचं माप अचूक पाळा. डबा पुरवून वापरायला पातळ केलेलं दूध बाळाला कुपोषित करतं, दाट केलेलं किडनीवर ताण आणतं.

थांबू नका, दाखवा

पहिल्या २४ तासांत आलेली कावीळ, किंवा तळहात-तळपायापर्यंत पोचलेला पिवळेपणा, किंवा पांढरट शी. इतर सौम्य काविळीत पाजणं वाढवायचं, थांबवायचं नाही. कोवळं ऊन हा उपचार नव्हे. बाळ छाती ओढायला तयार नाही, अंग गार किंवा तापलेलं, श्वास मिनिटाला ६० च्या वर, छाती आत खेचली जाते, आकडी येते, किंवा १२ तासांत शू नाही, यांपैकी एकही दिसलं तर रात्र असली तरी १०८ लावा. वाटेत बाळ आईच्या छातीशी उघडं धरून न्या, ऊबही राहते.

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा: मऊ भात-वरण कुस्करून वर तूप, नाचणीची दाट पेज, शिजवलेलं कुस्करलेलं रताळं. वरणाचं नुसतं पाणी देऊ नका, त्याने पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. चमचा तिरका केला तर घास लगेच ओघळू नये इतका दाट हवा. नवा पदार्थ तीन दिवस देऊन पाहा, मग पुढचा. या काळात आधी अंगावर पाजायचं, मग वाटी पुढे करायची.